इंग्रजीत पाककृती लिहिताना वेळ नेमका कसा सांगावा

पुण्यातल्या मराठी घरांतून आता बऱ्याच पाककृती इंग्रजीत लिहिल्या जातात. मुलगा म्युनिकला शिकायला गेलेला असतो आणि त्याच्या खोलीतल्या केरळी मित्रालाही आमटी करून बघायची असते. सून कोलकात्याची असते. खराडी-हिंजवडीच्या सोसायटीतली शेजारीण तमिळ किंवा पंजाबी असते, ती गणपतीत मोदक खाते आणि कृती मागते. एखादा बचत गट थालीपिठाच्या भाजणीची पाकिटं विकतो, त्याला पाकिटावर करायची रीत इंग्रजीत छापायची असते. लिहिणाऱ्यांचा हात स्वयंपाकात मुरलेला असतो आणि इंग्रजीही बरं असतं. तरीही कृती करून बघणारा बहुतेक वेळा एकाच ठिकाणी अडकतो. साहित्य जमलेलं असतं, प्रमाण चोख असतं, आणि रात्री साडेआठला त्याला कळतं की मटकी काल सकाळीच भिजत घालायला हवी होती.

प्रमाणाची अडचण आपल्याकडे पन्नास वर्षांपूर्वीच सुटली. कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ 1970 मध्ये आली ती वाटी आणि चमच्याचं माप घेऊन. ते माप प्रत्येकीच्या ओट्यावर होतं, म्हणून ज्यांना घरात शिकवायला कोणी नव्हतं त्यांनाही पुस्तकावरून स्वयंपाक आला. वेळेच्या बाबतीत मात्र आपण अजून ‘अंदाजाने’ या शब्दावर भागवतो. शिकवणारी शेजारी उभी असेल तर ते चालतं. इंग्रजीत लिहिलेला कागद तिच्याविनाच प्रवास करतो.

शिवाय इंग्रजी वाचकाची सवय वेगळी आहे. एलायझा ॲक्टन या इंग्लिश बाईंनी 1845 च्या आपल्या पुस्तकात कृतीच्या शेवटी साहित्याची यादी आणि लागणारा वेळ वेगळा काढून द्यायला सुरुवात केली. 1861 मध्ये इझाबेला बीटन यांच्या गृहव्यवस्थेवरच्या जाडजूड ग्रंथात प्रत्येक पदार्थाखाली वेळ, सरासरी खर्च, किती जणांना पुरेल आणि कोणत्या मोसमात करावं हे ओळीने आलं. दीडशेहून अधिक वर्षं हा वाचक वेळेचा आकडा आधी बघतो आणि त्यावर विसंबून बेत ठरवतो. तुम्ही वर ‘30 मिनिट्स’ लिहिलंत की तो सात वाजता पाहुण्यांना बोलावून साडेसहाला ओट्याशी उभा राहतो.

म्हणून आकडा लिहिण्याआधी त्याच्या मनातले दोन प्रश्न समोर ठेवावेत. मी सुरुवात कधी करायची? आणि त्यातला किती वेळ मला ओट्याशी उभं राहावं लागेल? या दोन्हींची उत्तरं वेगवेगळी असतात. ती एकाच आकड्यात कोंबली की कृती फसते. ‘प्रेप टाइम’ हा शब्द तर या बाबतीत फारच मोघम आहे. कोणी त्यात फक्त चिरणं धरतं, कोणी भिजवणंही धरतं, कोणी नारळ फोडून खवण्यापासून मोजतं, कोणी खवलेला नारळ हाताशी आहे असं समजून चालतं. वाचकाला यातलं काय धरलंय ते कळायला मार्ग नसतो.

माझा आग्रह असा, की वेळ तीन भागांत सांगावा. हात गुंतलेले असतात तो वेळ, इंग्रजीत ‘हँड्स-ऑन टाइम’. पदार्थ आपापला भिजतो, मोडावतो, आंबतो, मुरतो किंवा निवतो तो वेळ, म्हणजे ‘अनअटेंडेड’ किंवा सरळ त्या क्रियेचं नाव : ‘सोकिंग’, ‘स्प्राउटिंग’, ‘फर्मेंटिंग’, ‘रेस्टिंग’. आणि तिसरी, सगळ्यांत उपयोगी ओळ : सुरुवात कधी करायची. इंग्रजीत ‘स्टार्ट द डे बिफोर’ किंवा ‘स्टार्ट टू डेज अहेड’. ही तिसरी ओळ आपले लोक लिहीतच नाहीत, आणि मराठी स्वयंपाकाला तीच सर्वांत जास्त लागते. आपल्या निम्म्या पदार्थांची तयारी आदल्या दिवशी सुरू होते हे आपल्याला इतकं अंगवळणी पडलेलं असतं, की ते सांगायचं राहून जातं.

मटकीच्या उसळीचंच बघा. हमखास आढळणारी नोंद अशी : ‘प्रिपरेशन टाइम 10 मिनिट्स, कुकिंग टाइम 20 मिनिट्स’, आणि साहित्यात पहिली ओळ, ‘टू कप्स स्प्राउटेड मटकी’. म्हणजे दीड दिवसाचं काम एका शब्दात दडलं. पुण्यात मंडईत किंवा कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे मोड आलेली मटकी तयार मिळते, त्यामुळे लिहिणारीला ते खटकत नाही. लीड्समधल्या किंवा जयपूरमधल्या वाचकाला कोरडी मटकीच कशीबशी मिळते. त्याच्यासाठी नोंद अशी हवी :

‘हँड्स-ऑन : 35 मिनिट्स. सोकिंग : 8 टू 10 अवर्स. स्प्राउटिंग : 12 टू 24 अवर्स, लाँगर इन अ कोल्ड किचन. स्टार्ट टू डेज अहेड. इफ यू हॅव स्प्राउटेड मटकी, यू कॅन सर्व्ह इन 40 मिनिट्स.’

शेवटचं वाक्य मला विशेष महत्त्वाचं वाटतं. ज्याच्याकडे आडवाट आहे त्याला ती दाखवली पाहिजे. खवलेला फ्रोजन नारळ, तयार चक्का, डब्यातला टोमॅटो यांनी वेळ किती वाचतो तेही अशाच एका वाक्यात सांगावं.

‘लाँगर इन अ कोल्ड किचन’ हे नुसतं शोभेला नाही. मोड येणं आणि पीठ आंबणं घड्याळापेक्षा हवेवर जास्त अवलंबून असतं. पुण्यात मे महिन्यात इडलीचं पीठ रात्री वाटून ठेवलं की सकाळी डब्याबाहेर येतं. जानेवारीत, पहाटेचा पारा 10 अंशांच्या आसपास उतरला की तेच पीठ दुपारपर्यंत ढिम्म हलत नाही. परदेशातलं स्वयंपाकघर तर 20 अंशांच्या आसपास राखलेलं असतं. त्यामुळे ‘फर्मेंट ओव्हरनाइट’ एवढंच लिहिणं म्हणजे त्याला अर्ध्यावर सोडणं. लिहावं असं : ‘फर्मेंट इन अ वॉर्म प्लेस अनटिल डबल्ड अँड बबली, 8 टू 10 अवर्स इन हॉट वेदर, 16 ऑर मोअर इन कोल्ड.’ ज्यांच्याकडे ओव्हन आहे त्यांनी तो न तापवता फक्त आतला दिवा लावून भांडं आत ठेवावं, हेही एका ओळीत सांगता येतं.

‘ओव्हरनाइट’ हा शब्दही तपासून वापरावा. कोणाची रात्र सहा तासांची असते, कोणाची बारा. छोल्यांना दोन्ही चालतं, पण साबुदाणा तसा नाही. त्यात पाणी जास्त राहिलं तर रात्रभरात लगदा होतो. तिथे तास लिहा, पाण्याची पातळी लिहा आणि दाणा बोटांत दाबून मऊ फुटतो का हे बघायला सांगा. ‘ओव्हरनाइट’ लिहायचंच असेल तर शेजारी ‘8 टू 12 अवर्स’ लिहा.

आता कुकर. माझ्या मते मराठी पाककृतीच्या इंग्रजी रूपातला सर्वांत मोठा घोळ इथे होतो. ‘प्रेशर कुक फॉर थ्री व्हिसल्स’ हे वाक्य भारतभर समजतं, पण त्यात वेळ नाहीच. शिट्टी किती मिनिटांनी होईल हे आचेवर, कुकरच्या आकारावर, आतल्या पाण्यावर आणि वजनाच्या बनावटीवर ठरतं. मोठ्या आचेवर तीन शिट्ट्या झपाट्याने होतात, मंद आचेवर त्याच तीन शिट्ट्यांना कितीतरी जास्त वेळ लागतो. पहिल्या घरात डाळ कच्ची, दुसऱ्या घरात गाळ. भारताबाहेर तर शिट्टी वाजणारा कुकर फारसा नसतोच. 2010 मध्ये बाजारात आलेल्या इन्स्टंट पॉटसारखी विजेवरची भांडी तिथे घराघरांत आहेत. ती शिट्टी देत नाहीत, मिनिटं मागतात. त्यांचा दाबही आपल्या कुकरपेक्षा थोडा कमी असतो, म्हणून थोडी जास्त मिनिटं लागतात.

आपल्या कुकरमध्ये पूर्ण दाब आला की पाणी सुमारे 120 अंशांना उकळतं. पदार्थ शिजतो तो या तापमानाला तो किती वेळ राहिला त्यावर. हॉकिन्सच्या कुकरबरोबर येणारी पुस्तिका कोणी उघडत नाही, पण तिची भाषा उत्तम आहे : मोठ्या आचेवर पूर्ण दाब येऊ द्या, आच कमी करा, इतकी मिनिटं शिजवा, उतरवून आपोआप निवू द्या. हीच रीत उचलावी. तुरीच्या डाळीसाठी लिहा : ‘ब्रिंग टू फुल प्रेशर ओव्हर हाय हीट, लोअर द हीट, कुक 8 टू 10 मिनिट्स, देन लेट द प्रेशर ड्रॉप ऑन इट्स ओन.’ कंसात शिट्ट्यांचा आकडा ठेवायला हरकत नाही, आपल्याकडच्या वाचकाला तो आधार वाटतो. पण आठ-दहा मिनिटं हा कुकरचा सगळा वेळ नव्हे. दाब यायला पाच-सात मिनिटं, झाकण उघडेपर्यंत दहा-पंधरा. एकूण वेळेत अर्धा तास धरा आणि तसं लिहा, नाहीतर वाचक आठ मिनिटांनी झाकणाशी झटापट करायला जाईल. ही सुरक्षिततेची बाब आहे, म्हणून दाब उतरल्याशिवाय झाकण उघडू नये हे वाक्य प्रत्येक वेळी लिहावं, कंटाळा करू नये.

पुरणपोळीसारख्या पदार्थात आणखी एक गोष्ट दिसते. बारा पोळ्यांचा हिशेब मांडू. हरभऱ्याची डाळ धुणं पाच मिनिटं, भिजणं एक तास, कुकर अर्धा तास, कट काढून गुळाबरोबर आटवणं वीस मिनिटं, पुरणयंत्रातून काढणं पंधरा, पुरण निवणं वीस. कणीक मळणं दहा मिनिटं आणि ती तेलात मुरणं दोन तास. लाटून भाजणं एका पोळीला चार मिनिटं, म्हणजे बारांना सुमारे पन्नास. हे सगळं बेरजेला धरलं तर साडेपाच तास होतात, आणि तो आकडा बघून कोणीही वाचक पान उलटेल. प्रत्यक्षात डाळ भिजतेय तोवर कणीक मळून होते आणि डाळ शिजून निवेपर्यंत ती मुरते. घड्याळ सांगतं तीन तास वीस मिनिटं. हात गुंतलेला वेळ एक तास चाळीस. इंग्रजी नोंदीत हे दोनच आकडे वर द्यावेत आणि तिसरी ओळ जोडावी : ‘मेक द डो व्हाइल द दाल सोक्स.’ समांतर कामं जोडणारा ‘व्हाइल’ किंवा ‘मीनव्हाइल’ हा शब्द वापरायची आपल्याला सवय नाही. कृती पायरीपायरीने लिहितो आणि एक संपली की दुसरी असं वाचकाला वाटत राहतं. पोळीच्या कृतीत कणकेची पायरी पाचव्या क्रमांकावर असेल, तर वाचक पुरण निवल्यावर कणीक मळायला घेतो आणि मग दोन तास बसून राहतो. क्रम घड्याळाप्रमाणे लावा.

याच हिशेबातली दुसरी खुबी म्हणजे नगावर लागणारा वेळ. ‘रोस्ट फॉर 4 मिनिट्स’ लिहिलं आणि वर ‘कुकिंग टाइम 4 मिनिट्स’ छापलं, असं पाकिटांवर सर्रास दिसतं. पोळी, थालीपीठ, धिरडी, पुऱ्या, मोदक यांना ‘पर पीस’ किंवा ‘पर बॅच’ असा वेळ द्या आणि शेवटी सगळ्यांचा मिळून किती ते सांगा : ‘अबाउट 4 मिनिट्स ईच, 50 मिनिट्स फॉर 12.’ मोदकात तर हाताचा सराव आला. सवयीची बाई एकवीस मोदक अर्ध्या तासात वळते, पहिल्यांदा करणाऱ्याला तासाहून जास्त लागतो. वेळ नवख्या हाताचा लिहावा. सराव झालेल्याला तुमच्या आकड्याची गरजच नसते. आणि प्रमाण दुप्पट केलं तर काय होतं तेही सुचवावं : कुकरातल्या डाळीला जवळपास तेवढीच मिनिटं लागतात, तव्यावरच्या पोळ्यांना दुप्पट.

मिनिटांबरोबर खूण द्यायलाच हवी. इथे आपली भाषा श्रीमंत आहे. खमंग वास सुटेपर्यंत, कडेने तेल सुटेपर्यंत, कांदा तांबूस होईपर्यंत, दणदणीत वाफ येईपर्यंत, पाक एकतारी होईपर्यंत, पुरणात उलथणं उभं राहीपर्यंत. या खुणा अनुभवातून आलेल्या आहेत आणि कोणत्याही घड्याळापेक्षा भरवशाच्या आहेत, कारण त्या प्रत्येक शेगडीवर खऱ्या ठरतात. विजेच्या कॉइलची शेगडी तापायला वेळ घेते आणि बंद केल्यावरही गरम राहते. इंडक्शन लगेच तापतं. जाड लोखंडी तवा आणि पातळ नॉनस्टिक यांत दोन मिनिटांचा फरक सहज पडतो. इंग्रजीत लिहिताना बरेच जण या खुणा गावंढळ वाटतील म्हणून गाळतात आणि कोरडी मिनिटं ठेवतात. असं करू नका. खूण आधी, मिनिटं नंतर : ‘फ्राय अनटिल द ऑइल सेपरेट्स अ‍ॅट द एजेस, 6 टू 8 मिनिट्स.’ ‘उलथणं उभं राहीपर्यंत’ हे तर जसंच्या तसं लिहावं : ‘अनटिल अ स्पॅच्युला स्टँड्स अपराइट इन द पुरण.’ ज्याने आयुष्यात पुरण पाहिलेलं नाही त्यालाही ते कळतं.

कांद्याच्या बाबतीत तर मिनिटांचा खोटेपणा जगभर चालतो. 2012 मध्ये ‘स्लेट’ या अमेरिकी नियतकालिकात टॉम स्कोका यांनी यावर खरमरीत लेख लिहिला होता. पाककृती पाच-दहा मिनिटांत कांदा गडद परततात, प्रत्यक्षात तो तसा व्हायला पाऊण तास लागतो, हे त्यांनी स्वतः परतून दाखवलं. आपल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणाचं असंच आहे. मिसळीच्या कटाचा रंग आणि चव त्या भाजण्यात आहे. ‘सॉटे अनियन्स 5 मिनिट्स’ लिहिलंत तर वाचकाचा कांदा पांढरा राहील, रस्सा गोडसर लागेल आणि तो म्हणेल, पुणेरी मिसळ काही खास नसते. उभा चिरलेला कांदा मध्यम आचेवर चांगला तपकिरी व्हायला वीस मिनिटं लागत असतील तर वीस लिहा. आकडा मोठा दिसतो म्हणून कमी करणं हा वाचकाचा विश्वासघात आहे.

भाषेच्या काही चुका मराठी वळणातून येतात. त्या दुरुस्त करायला फार व्याकरण लागत नाही. मिनिटांआधी ‘फॉर’, खुणेआधी ‘अनटिल’ : ‘कुक फॉर 10 मिनिट्स’, ‘कुक अनटिल सॉफ्ट’. ‘कुक टिल 10 मिनिट्स’ चुकीचं. ‘इन 10 मिनिट्स’ म्हणजे दहा मिनिटांत पूर्ण होणं, दहा मिनिटं करत राहणं नव्हे. ‘तांदूळ आठ तास आधी भिजवा’ याचं ‘सोक राइस बिफोर 8 अवर्स’ केलं की आठ तास उलटायच्या आत भिजवा असा भलताच अर्थ निघतो. लिहा : ‘सोक द राइस 8 अवर्स अहेड’ किंवा ‘सोक द राइस फॉर 8 अवर्स’. दीड तासाला ‘1.30 अवर्स’ लिहायची सवय मोडलीच पाहिजे. आपण ते घड्याळासारखं वाचतो, परदेशी वाचक दशांश समजतो आणि त्याच्या लेखी ते एक तास अठरा मिनिटं होतात. ‘1 अवर 30 मिनिट्स’ किंवा ‘90 मिनिट्स’ लिहा. पाऊण तास म्हणजे ‘45 मिनिट्स’, अडीच तास म्हणजे ‘2 अवर्स 30 मिनिट्स’. आणि ‘गॅस स्लो करा’ याऐवजी ‘लोअर द हीट’, कारण प्रत्येकाकडे गॅस नसतो.

‘कीप असाइड’ हेही अपुरं आहे. बाजूला ठेवायचं ते किती वेळ, झाकून की उघडं, ओट्यावर की फ्रिजमध्ये? उकडीला वाफ आणून झाकून ठेवायचं ते पाच मिनिटं, कारण ती गार झाली तर मळताना चिरते. श्रीखंडासाठी दही टांगून ठेवायचं ते रात्रभर, आणि उन्हाळ्यात फ्रिजमध्येच, नाहीतर चक्का आंबट होतो. दोन्हीकडे इंग्रजीत ‘कीप असाइड’ असेल तर वाचक करणार काय?

साहित्याच्या यादीत दडलेला वेळ बाहेर काढणं हे आणखी एक काम. यादीत ‘गार्लिक, पील्ड’, ‘कोकोनट, ग्रेटेड’, ‘पीनट्स, रोस्टेड अँड पाउडर्ड’ अशा तीन ओळी असल्या तर कृती सुरू होण्याआधीच अर्धा तास गेलेला असतो. दाण्याचं कूट आपल्या फडताळात कायम असतं, वाचकाच्या घरी नसतं. त्याला दाणे भाजणं, निववणं, सालं काढणं, कुटणं हे सगळं करायचं आहे. एकतर तो वेळ ‘हँड्स-ऑन’ मध्ये धरा, नाहीतर स्पष्ट लिहा की हे तयार असल्यास इतका वेळ, नसल्यास आणखी वीस मिनिटं.

फराळाच्या पदार्थांत हा हिशेब दिवसांवर जातो. अनारशाचे तांदूळ तीन दिवस रोज पाणी बदलून भिजवायचे, निथळून सावलीत सुकवायचे, दमट असतानाच कुटायचे, गूळ मिसळून गोळा चार-पाच दिवस तरी मुरवायचा, आणि मग तळायचे. याच्या इंग्रजी कृतीवर ‘प्रेप टाइम 30 मिनिट्स’ पाहिलं की जीव कळवळतो. तिथे पहिलीच ओळ ठळक अक्षरांत हवी : ‘बिगिन अ‍ॅट लीस्ट 8 डेज बिफोर यू प्लॅन टू फ्राय’. त्याखाली दिवसवार नोंद द्यावी : पहिला दिवस, चौथा दिवस, आठवा दिवस. शक्य असेल तर दिवाळीशी जोडून सांगावं, लक्ष्मीपूजनाला तळायचे तर तांदूळ कधी भिजत घालायचे. लोणचं, आवळ्याचा मोरावळा, कुरडयांचा चीक यांनाही दिवसवार नोंदच शोभते.

पाकिटं विकणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या लेबलविषयक नियमांप्रमाणे पाकिटावरचा आवश्यक मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत लागतो. मराठी सोबत देता येतं. जिथे गरज आहे तिथे वापरायच्या सूचनाही द्याव्या लागतात. त्यामुळे नुसत्या मराठीवर भागत नाही, आणि जागा असते चार ओळींची. ‘रेडी इन 5 मिनिट्स’ हे वाक्य मोहात पाडतं. पण भाजणी भिजवणं, दहा मिनिटं झाकणं, एकेक थालीपीठ पाच-सहा मिनिटं झाकून खरपूस करणं, हे पाच मिनिटांत होत नाही. प्रामाणिक ओळ अशी : ‘मेक्स 4. अबाउट 40 मिनिट्स इन ऑल, इन्क्लुडिंग 10 मिनिट्स रेस्टिंग.’ ती वाचून घेणारा फसत नाही, आणि दुसरं पाकीट घ्यायला येतो.

संकेतस्थळावर कृती टाकणार असाल तर तिथले ठरीव रकाने तयारी, शिजवणं आणि एकूण वेळ एवढेच मागतात. भिजवण्या-आंबवण्याला वेगळा रकाना नसतो. तो वेळ एकूणमध्ये धरा आणि खाली शब्दांत फोड करून सांगा. ‘टोटल टाइम’ छोटा दिसावा म्हणून भिजवणं गाळू नका.

हे आकडे आणायचे कुठून? आठवणीतून आणू नका. आठवणीत कांदे आधीच चिरलेले असतात. फोनवरचं घड्याळ सुरू करा ते फ्रिजमधून कोथिंबीर काढताना, आणि पदार्थ ताटात वाढल्यावर बंद करा. मधे दूधवाला आला, फोन वाजला, ते वजा करा. प्रत्येक पायरीला कागदावर मिनिट टिपा. मग आकडे पाचाच्या पटीत आणा. ‘17 मिनिट्स’ लिहिलं की वाचक उगाच सतराव्या मिनिटाला थांबतो. ‘15 टू 20’ लिहा. पण ‘10 टू 40’ असली रुंद रेघ ओढू नका. फरक खरंच एवढा असेल तर कारण द्या : डाळ जुनी, पाणी जड, हवा थंड. संक्षेप एकच ठेवा, एकदा ‘मिन’ आणि एकदा ‘मिनिट्स’ असं नको.

शेवटी एक विनंती. कृती पाठवण्याआधी ती अशा माणसाला करायला द्या ज्याने तो पदार्थ कधी केलेला नाही : वसतिगृहातला भाचा, नवी शेजारीण, कोणीही. त्याच्या हातात फक्त तुमचा इंग्रजी कागद द्या आणि तुम्ही स्वयंपाकघराबाहेर बसा. तो हाक मारेल त्या प्रत्येक ठिकाणी कागदावर खूण करा, कारण तिथे वेळ सांगायचा राहिलेला असतो. तो भरा, आणि मगच कागद टपालात टाका.